बारावा थोडा सुस्त

सायलीची पीएचडी अठरा उंदरांवर अवलंबून होती. गेवराईच्या अलीकडच्या एका फार्मसी कॉलेजात ती आठवड्याला दोन उंदरांना भूल देऊन त्यांचं ऑपरेशन करायची. तिचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून रजिस्टर प्राणीघर सांभाळणाऱ्या बजरंगकडे. वजन, भूल दिल्याची वेळ, दर दहा मिनिटांनी श्वास, शुद्धीवर आल्याची वेळ; एकही रकाना रिकामा राहिला तर प्राण्यांवरचे प्रयोग तपासणारी समिती सगळं संशोधन बाद करेल, असं तिने त्याला बजावलं होतं. बजरंगने ते फारच मनावर घेतलं. पूर्वी तो पाण्याच्या टँकरची नोंदवही ठेवायचा, आणि टँकर गावात शिरायच्या आधीच टँकर आल्याची नोंद तयार असायची.

मंगळवारी सातवा उंदीर उठेना. सायलीने त्याला कोमट पाण्याच्या बाटलीला टेकवलं, छाती चोळली. काही उपयोग झाला नाही.

"लिहा, बजरंगभाऊ," ती रडवेली होऊन म्हणाली.

बजरंगने रजिस्टर पाठीमागे लपवलं. "लिव्हलंय, ताई."

तिने ते ओढून घेतलं. 'वजन २५० ग्रॅम. ११.४० ला शुद्धीवर आला. दाणे खाल्ले.' घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तिने पान उलटलं. आठपासून अठरापर्यंत सगळे उंदीर ऑपरेशन होऊन बरेही झाले होते. बाराव्यापुढे मात्र 'थोडा सुस्त' असा शेरा होता.

"बारावा सुस्त का?"

"समदेच ठणठणीत लिव्हले की तपासणीवाल्याला शंका येती, ताई."

एरवी ती हसली असती. तिने मेलेला उंदीर काट्यावर ठेवला. एकशे नव्वद ग्रॅम. भुलीचा डोस तिने रजिस्टरातल्या अडीचशेवरून काढला होता; तो जास्त झाला होता. आणि प्रत्येक पानाखाली, न वाचता ठोकलेली सही तिचीच होती.

गाईड शिवशंकर सर आले. "रडती कशाला? पळाला म्हणून लिही."

"मंग पिंजऱ्याला भोक लागंल, सर," म्हणत बजरंगने पक्कड आणून जाळी तोडलीसुद्धा.

"एवढ्या भोकातून एकच पळाला? कोण मानंल?" सर म्हणाले.

"मंग अजून दोन-चार सोडू का?"

"बास!" सायली ओरडली. तिने सातव्याच्या ओळीवर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'वजन न करता भूल दिली. दगावला. चूक माझी.'

समितीने सगळंच रद्द केलं. पहिल्या सहांनी टाके सोसले ते फुकट, हे सायलीला फार लागलं. बजरंग दोन दिवस जेवला नाही. "तो जीव माझ्यापायी गेला, ताई," एवढंच म्हणायचा.

महिन्याने नव्या अठरा उंदरांसाठी परवानगीचा अर्ज भरायला दोघे बसले. शेवटच्या प्रश्नाशी बजरंगचा हात थांबला. 'यांपैकी किती प्राणी दगावतील?'

"ताई, ह्ये आत्ताच लिव्हायचं?"

"हो. नियम आहे."

त्याने पेन तिच्यापुढे सरकवलं. "मला न्हाई जमायचं. तुमीच लिव्हा."

सायलीने 'दोन' असं लिहिलं. ते दोन उंदीर अजून जन्मालाही आले नव्हते.