सुनेची सरकारी चौकशी

"चौकशी कुठलीबी असू द्या, आपल्या वाडीतनं वाकडी गेलेली न्हाई. ह्या किशनरावनं जाऊच दिली न्हाई!"

किशनराव हे म्हणाले तेव्हा खाटेवर मांडी घालून बसले होते, आणि त्यांचा मुलगा बजरंग परभणीहून आणलेला कागदांचा गठ्ठा घेऊन समोर उभा होता. बोलण्यात खोटं काही नव्हतं. ताडकळसपासून सहा किलोमीटरवरच्या त्या वाडीत किशनरावांनी आजवर एकोणीस सोयरिकी जुळवल्या होत्या. सोयरीक म्हटली की आधी चौकशी आलीच. समोरच्यांचा एखादा शहाणा माणूस गुपचूप फाट्यावर उतरतो, हॉटेलात अर्धा चहा सांगतो, पावसापाण्याचं बोलतो आणि मग हळूच विचारतो, "अमक्याची पोरगी कशी हाय हो?" त्याला काय उत्तर मिळायचं, ते किशनराव आदल्या दिवशीच घरोघर फिरून ठरवून यायचे. पोरगी तोंडाळ असली तर हुशार, आळशी असली तर शांत. गावही इमानी. आपल्या बोलण्यानं कुणाची सोयरीक मोडली, हे पाप कुणालाच नको असायचं.

या वेळची चौकशी मात्र सरकारी होती, आणि होती त्यांच्या स्वतःच्या सुनेची.

सून नेपाळची. बजरंग पुण्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होता, तिथंच तीही होती. अकरा वर्षांपूर्वी तो तिला घेऊन गावी आला तेव्हा किशनरावांनी दोन दिवस अन्न सोडलं आणि तिसऱ्या दिवशी लग्नाची तारीख काढली. माणूस असा. तिचं नाव मनमाया. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'राजेश्री' लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून मनमाया हे नाव गावात कुणी घेतलं नाही. कन्यादानाला आईबाप पाहिजेत. तिचे वडील वारलेले, आई तिकडं डोंगरात. तेव्हा वालूरचे सूर्यभान पुढं झाले. किशनरावांची आणि त्यांची बैलबाजारातली जुनी दोस्ती, आणि त्यांना लेक नव्हती. बायको पंचफुलाला शेजारी बसवून त्यांनी कन्यादान केलं. तेव्हापासून राजेश्री पंचमीला, दिवाळीला वालूरला माहेरी जाते आणि माहेराला कुणी नाव ठेवलं तर दोन दिवस बोलत नाही.

आता अडलं कुठं, तर अंगणवाडीपाशी. गावातल्या सेविकाबाई वय झालं म्हणून निवृत्त झाल्या होत्या. राजेश्री बारावी शिकलेली. वर्षभर गावातली बारकी पोरं तिच्याच ओट्यावर बसून गाणी म्हणायची, तिथंच नाक पुसून घ्यायची. जागा तिचीच, असं सगळं गाव धरून चाललं होतं. पण तिचा अर्ज परत आला. आधी भारताचं नागरिकत्व दाखवा. जागा पुन्हा भरणार होते पुढच्या उन्हाळ्यात, तोवर दाखला हातात पाहिजे होता. इथल्या माणसाशी लग्न झालेल्या बाईनं सात वर्षं इथं राहून अर्ज करायचा, मग पोलिसांची चौकशी, मग शपथ, मग दाखला. अर्ज बजरंगनं भरला होता. उरली होती चौकशी.

"मामा," राजेश्री दारातून सासऱ्यांना म्हणाली, "मला ती जागा लय पायजे. चौकशीला जे खरं हाय ते सांगा, बस झालं."

"खरं सांगून कुणाची सोयरीक जुळली का आजवर?" किशनराव म्हणाले. "हे बघ, सरकार नागरिक कुणाला करतंय? जो आपला हाय त्याला. मग तू जितकी आपली दिसशील तितकं काम बिगीनं हुतंय."

हिशेब इतका बिनतोड होता की बजरंगसुद्धा मान डोलावून बसला. संध्याकाळपर्यंत किशनराव सगळ्या गावात फिरून आले. "चौकशी येणार हाय. चांगलं बोला. नेपाळ-बिपाळ काढू नका." गावाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं.

चार दिवसांनी जमादार महारुद्र साध्या कपड्यांत फाट्यावर उतरले आणि त्यांनी अर्धा चहा सांगितला. अर्धा चहा म्हणताच हॉटेलवाला शिवरुद्र सावध झाला.

"मनमाया नावाची बाई राहते का हो इथं?"

"न्हाई बा. असलं नावच न्हाई आमच्याकडं."

हे तो प्रामाणिकपणे बोलला होता. जमादारांनी खिशातून फोटो काढला.

"ही व्हय? ही तर राजेश्री. किशनरावची सून. वालूरच्या सूर्यभानची लेक. लय नावाजलेलं घर हाय साहेब."

"नेपाळची नाही?"

बाकड्यावरचे तिघे हसले. "जळणारे लोक असतेत साहेब," त्यांतला एक म्हणाला. "कायबी उठवायलेत."

तेवढ्यात तिथून बसम्मा चालली होती. गावातल्या अर्ध्या लोकांची बाळंतपणं तिच्या हातची. तिला कुणी विचारलं नव्हतं. पण चांगलं बोलायचं ठरलंय, हे तिला माहीत होतं, आणि तिच्या लेखी माणसाविषयी याहून चांगलं बोलता येत नव्हतं. फोटो बघून ती म्हणाली, "हिची नाळ म्या कापलीय."

जमादारांनी ते लिहून घेतलं आणि किशनरावांच्या घरी आले. पोहे आले, चहा आला. राजेश्री पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, "साहेब, मी मूळची..."

"लाजती ती," किशनराव मधेच म्हणाले. "लय लाजती. तुमी पोहे घ्या."

"मराठी तर आपल्यापेक्षा चांगली बोलते," जमादार म्हणाले. किशनरावांना ही तारीफ वाटली.

दुसऱ्या दिवशी जमादार मोटारसायकलनं थेट वालूरला. सूर्यभान गोठ्यात होते. फोटो बघून त्यांचा चेहरा खुलला.

"लेक हाय माझी."

"सख्खी का?"

हा प्रश्न सूर्यभानना लागला. अकरा वर्षांत दर दिवाळीला ज्या लेकीला आणायला ते स्वतः एसटीनं गेले, तिच्याबद्दल कुणीतरी दारात उभं राहून असं विचारतंय. "अग्नीसमोर ह्या हातानं पाणी सोडलंय मी," ते म्हणाले. घरात जाऊन त्यांनी लग्नातला फोटो आणला. त्यात ते आणि पंचफुला कन्यादान करताना स्पष्ट दिसत होते. जमादारांनी 'सख्खी' लिहिलं, जन्मगाव वालूर, तालुका सेलू लिहिलं आणि वही मिटली.

महिन्याभरानं पत्र आलं. बजरंगनं ते ओट्यावर वाचून दाखवलं. चौकशीवरून अर्जदार जन्मानं भारतीय असल्याचं दिसतं. मनमाया नावाची कोणी महिला गावात राहत नाही. सोबतची नेपाळची कागदपत्रं संशयास्पद असून खोट्या अर्जाबद्दल कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.

राजेश्रीनं पत्र दोनदा वाचलं. मग ओट्यावरच्या पोरांना म्हणाली, "जा रे घरी. आज गाणी न्हाईत." पोरं हलेनात, तेव्हा ती स्वतःच आत गेली. अकरा वर्षं तिला वाटत होतं की आपण कधीतरी इथल्या होऊ. आता कागदावर ती इथली होती आणि त्यामुळंच सगळं बुडालं होतं. तिला रडू आलं, आणि किशनरावांना ते ऐकू आलं.

"चूक माझी," ते म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढं म्हणाले, "आता मीच निस्तरतो."

खुलासा गेला, फेरचौकशी लागली आणि किशनराव पुन्हा घरोघर फिरले. या वेळी निरोप आणखी सोपा होता. "परकी हाय म्हणून सांगा. आपली म्हणू नका."

जमादार महारुद्र पुन्हा आले. या वेळी चहा पूर्ण सांगितला.

"ही राजेश्री..."

"कोण राजेश्री?" शिवरुद्र म्हणाला.

"गेल्या वेळी तूच सांगितलंस की, सूर्यभानची लेक म्हणून."

"ती परकी बाई हाय साहेब. आमचा काय संबंध."

"बरं, परकी. इथं किती वर्षं राहते?"

शिवरुद्र गोंधळला. अकरा म्हणावं तर ती आपली ठरते. "राहती कशाला?" तो म्हणाला. "परक्या माणसाला कोण ठेवून घेतंय?"

बसम्माला बोलावलं. ती फोटो हातात न घेताच म्हणाली, "नाळ? म्या हिला डोळ्यानंबी बघितली न्हाई."

जमादारांनी लिहिलं, अर्जदार परदेशी असल्याचं दिसतं, मात्र सदर गावात कधीही वास्तव्य केल्याचं आढळत नाही. म्हणजे सात वर्षं राहण्याची अटच बुडाली. किशनरावांनी फाट्यावर जाणं सोडलं. हॉटेलासमोरून जायची वेळ आली तर ते शेताच्या बांधावरून जाऊ लागले.

शेवटी परभणीहून बोलावणं आलं. अर्जदार, नवरा, सासरचे आणि ते वालूरचे गृहस्थ, सगळ्यांनी समक्ष हजर राहावं. बजरंगनं टेम्पो ठरवला.  सूर्यभान मागं फाळक्याला टेकून बसले होते आणि राजेश्री त्यांच्या शेजारी.

तिथल्या अधिकारी नीलम मॅडम वयानं लहान होत्या, पण त्या दिवसापुरता त्यांचा धीर संपलेला दिसत होता. दोन्ही अहवाल त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"एकात ही बाई इथंच जन्मली. दुसऱ्यात ही इथं आलीच नाही," त्या म्हणाल्या. "मी नागरिकत्वाची शिफारस नक्की कुणाची करू?"

 मॅडमनी एक कागद सूर्यभानपुढं सरकवला. सदर महिला ही माझी मुलगी नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली सही करायची होती.

सूर्यभाननी पेन घेतलं आणि तसंच धरून बसले. "मॅडम, दुसरं कायबी लिवा. हे नका करायला लावू माझ्या हातानं."

"जन्मानं नाही, एवढंच आहे ते."

"तसं तर लिवलेलं न्हाई."

राजेश्री उठून त्यांच्यापाशी गेली. "बापू, करा सही. कागदाला काय कळतंय? मी दिवाळीला येणारच हाय की." सूर्यभाननी सही केली आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले. किशनरावांना त्यांच्याकडं बघवेना.

मॅडमनी 'जन्माने' हा शब्द त्या ओळीत स्वतःच्या हातानं घातला. मग म्हणाल्या, "आता वास्तव्य. रेशनकार्डावर नाव राजेश्री, पासपोर्टवर मनमाया. ही बाई सात वर्षं सलग घरात होती, हे कोण सांगणार?"

किशनराव खाकरले. "मॅडम, आमची सून म्हंजे..."

"तुम्ही नाही. तुमचं बरंच सांगून झालंय. घरात आणखी कोण आहे?"

बाकावर पार्वतीबाई बसल्या होत्या. किशनरावांच्या मंडळी. त्यांना आणलं होतं ते टेम्पोत जागा होती म्हणून, आणि डबा त्यांच्या पिशवीत होता म्हणून.

"आजी, ही किती वर्षं तुमच्याकडं राहते?"

पार्वतीबाईंनी पदर सावरला. अकरा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

"अकरा पुरी हुतील येत्या माघात," त्या म्हणाल्या. "आली तवा मराठीचा एक शबूद येत नव्हता. चूल पेटव म्हनलं की आंगण झाडायची. पहिलं वरीस रोज भात मागायली. भाकर बघितली की डोळ्याला पाणी. दुसऱ्या वर्सी भाकर थापाय लागली, ती इतकी जाड की निम्मी कच्ची ऱ्हायची. तिसऱ्या वर्सी पोळ्याला बैल ओवाळायच्या आधी हिनं पोळी खाल्ली."

मॅडमनी कारकुनाला खूण केली. तो भराभर टाइप करू लागला.

"चौथ्या वर्सी सृष्टी झाली, आमची नात. सव्वा महिना म्या हिच्या डोक्याला तेल लावलं आन ही आपली मायसाठी रडायली. तिच्या मायची भाषा मला येत न्हाई. मंग मीबी बसले रडत." पार्वतीबाईंनी बोटावर पुढचं वर्ष मोजलं. "पाचव्या वर्सी लोणच्याची बरणी फोडली. सहाव्या वर्साची सारी तक्रार हिची न्हाई, आमच्या मालकाची हाय, तेबी सांगते. सातव्या वर्सी माझ्यावर उलटून बोलली. तवा कळलं, हिला मराठी पुरती आली."

"आजी, हे सातवं पुन्हा सांगा," कारकून म्हणाला. "दिवस आठवतो?"

"आठवत न्हाई तर काय? श्रावणाचा दुसरा सोमवार. माझा उपास हुता."

अकरावं वर्ष संपेपर्यंत तीन पानं भरली. मॅडमनी ती वाचली. अर्जदार परदेशातून आली हे त्यात होतं, कधी आली ते होतं, आणि एकही वर्ष कोरं नव्हतं.

"एवढ्या तक्रारी आहेत," त्या म्हणाल्या, "मग शिफारस करू की नको?"

"करा की," पार्वतीबाई म्हणाल्या. "अकरा वर्सं घातली मी हिला शिकवायला. आता दुसरीला कोण शिकवत बसंल?"

राजेश्री पदरात तोंड घालून रडत होती की हसत होती, हे बजरंगलाही कळलं नाही. कारकुनानं पानं किशनरावांपुढं ठेवली. कुटुंबप्रमुखाची सही, वरील सर्व मजकूर खरा आहे म्हणून.

किशनरावांनी चष्मा लावला. पहिलं पान सुनेचं होतं. दुसऱ्याच्या मध्यापासून बहुतेक त्यांचं स्वतःचं होतं, तिथीवारासह.

"मॅडम, ह्यातलं माझ्यावरचं तेवढं काढता येईल का?"

"येईल," मॅडम म्हणाल्या. "पण सहावं आणि नववं वर्ष पूर्ण तुमच्यावरच आहे. ते काढलं तर वास्तव्य सलग राहत नाही."

किशनरावांनी सुनेकडं बघितलं. ती हात जोडून उभी होती. त्यांनी तिन्ही पानांवर सही केली.

चैत्रात शपथ झाली, दाखला आला आणि जूनपासून अंगणवाडीची किल्ली राजेश्रीच्या कमरेला आहे. किशनरावांचं सगळं उणंदुणं मात्र सरकारी दफ्तरात जमा आहे, त्यांच्याच सहीनं, खरं म्हणून.