दयावतीबाई कंबरेपर्यंत जातात तेव्हा

टाकळीच्या चर्चमध्ये विश्वास ढिला पडला की माणूस फरशीत उतरतो. फरशी साधी शहाबादीच आहे. तीच फरशी गावात घरोघरी बसवलेली आहे आणि तिथे ती कुणालाही आत घेत नाही, तेव्हा दोष फरशीचा नाही, असं चर्च कमिटीने पूर्वीच ठरवून टाकलं आहे. घोट्यापर्यंत गेलेल्याकडे शेजारी बसलेल्याने बघायचं. गुडघ्यापर्यंत गेला तर दयावतीबाई ओहोळांना बोलवायचं. त्यापुढचा नियम कुणी केलाच नव्हता, कारण बाई तशी वेळ येऊ देत नसत. फक्त एकदा, बाई माहेरी गेलेल्या असताना, पेटी वाजवणारे बेंजामिन मास्तर हनुवटीपर्यंत गेले होते. त्यांचं पुढे काय झालं ते मंडळी बोलत नाही. पेटी मात्र त्या जागेवरून हलवली.

त्या रविवारी दुसऱ्या गीताच्या मध्यात खुद्द दयावतीबाई कंबरेपर्यंत गेल्या.

गीत पुरं झालं, उपदेश झाला, आशीर्वाद झाला. मग पाळकसाहेब खाली वाकले. "बाई, काही कारण?"

"कारण सापडलं असतं तर मीच नसते का वर आले? रोज सकाळी देवाशी बोलते, पाळकसाहेब. जन्मभर बोलत आले. हल्ली पलीकडून कुणी हूंसुद्धा म्हणत नाही."

पाळकसाहेबांनी तातडीची सभा बोलावली. बाईंच्या सोयीसाठी ती बाईंभोवतीच भरली, आणि हा विषय त्यांच्याच अखत्यारीतला असल्याने अध्यक्षपदही त्यांच्याकडे गेलं. बाईंनी ज्यांना ज्यांना वर काढलं, त्यांनी एकेक करून यावं आणि बाईंना धीर द्यावा, असा ठराव झाला. बाईंनीच त्याला अनुमोदन दिलं.

पहिली करुणा भांबळ आली. "बाई, देव विसरत नाही, आपलीच घाई होते."

"'घाई' जरा हळू म्हण," बाई म्हणाल्या. "आणि हात धरून म्हण. लांबून कोरडं वाटतं."

करुणाने हात धरून पुन्हा म्हटलं. बाई चार बोटं आणखी खाली गेल्या. मग शिमोन आला, त्याची सून आली, शाळेतल्या दोन्ही शिक्षिका आल्या. जो तो बाईंचंच वाक्य घेऊन येत होता. आपण ते कुणाला, कधी आणि कुठल्या घाईत म्हटलं होतं हे बाईंना लख्ख आठवत होतं. दुपार कलेपर्यंत फरशी काखेला लागली. बाई घाबरल्या होत्या, हे सरळच सांगायला हवं. पेटीच्या जुन्या जागेकडे त्या सारख्या बघत होत्या.

सगळे जेवायला गेले तेव्हा लाभान उमाप आला, चपला हातात घेऊन. पायात ठेवल्या तर फरशीत राहतात. लाभान दर रविवारी घोट्यापर्यंत जाई. त्याला वर काढायला बाई वर्षानुवर्षं दर बेस्तरवारी त्याच्या घरी जात, तासभर बोलत, आणि तो नुसता "हूं" म्हणे. बाईंच्या नावावरचं एवढंच एक अपयश. मंडळीत त्याला बघितलं की त्या तोंड फिरवत.

ठरावात त्याचं नाव नव्हतं. तो पिठलं-भाकरी घेऊन आला होता. बाई जेवल्या.

"तू काही म्हणणार नाहीस?"

"मला कुठं येतंय, बाई."

"मी इतकी वर्षं येते तुझ्याकडं, आणि तू आपला घोट्यावरच."

"व्हय. तुम्ही टायफॉइडनं पडल्या होत्या ना, तवा मी पार गुडघ्यापर्यंत गेलो होतो. तुम्ही पुन्हा यायला लागल्या आन घोट्यावर आलो. तिथंच टिकलोय."

"मग हे मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलत होत्या."

बाईंनी डोळे मिटले आणि शब्द न सजवता मोठ्याने प्रार्थना केली, "प्रभू, मी इथं अडकलेय. मला भीती वाटतेय. कुणी आहे का?"

"हूं," लाभान म्हणाला. सवयच ती.

बाईंनी डोळे उघडले. "तुला नव्हतं विचारलं!"

"हूं."

बाईंना हसू फुटलं. आवरेना. हसता हसता त्या गुडघ्यापर्यंत वर आल्या. मग लाभानने हात दिला आणि त्या घोट्यापर्यंत निघाल्या. तिथून मात्र हलेनात. दोघांनी जोर लावून पाहिला.

नियम स्पष्ट होता: घोट्यापर्यंत गेलेल्याकडे शेजाऱ्याने बघायचं. अडचण एवढीच की टाकळीत बायका डावीकडे बसतात आणि पुरुष उजवीकडे. कमिटीने दोन बैठका घेऊन मार्ग काढला. मधल्या वाटेलगतचं बायकांच्या ओळीचं टोक बाईंना दिलं, समोरचं पुरुषांच्या ओळीचं लाभानला.

बाई अजूनही बेस्तरवारी त्याच्याकडे जातात. हल्ली एकेका वाक्यानंतर थांबतात, आणि त्याचं हूं येईपर्यंत पुढचं बोलत नाहीत.

जागा ठरल्यावरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीला उभं राहायला सांगितलं. बाईंनी चपला काढून हातात घेतल्या, वाटेपलीकडे पाहिलं, आणि लाभानच्याच उंचीवर उभ्या राहून गायला लागल्या.