सोवळ्यातली माशाची गोळी

नाना पुराणिक माशाच्या तेलाची गोळी घेतात तेव्हा जानवं कानाला लावतात. पुरुषमंडळी एरवी जानवं कानाला केव्हा लावतात, हे मी बाईमाणसानं सांगायला नको.

पहिल्यांदा पाहिलं ते असं. सकाळची वेळ. मी शेजारी कढीपत्ता मागायला त्यांच्या फाटकातून आत शिरले, तर संध्या आटोपून नाना सोवळ्यातच अंगणात स्कूटरपाशी उभे. डिकीतून डबी काढली, जानवं उजव्या कानाला गुंडाळलं, डोळे घट्ट मिटले आणि एक पिवळीधमक गोळी गिळून टाकली. मग सात-आठ चुळा भरल्या. डबीवर चक्क माशाचं चित्र! अहो, हाच माणूस माझ्या लेकीच्या वाढदिवसाला, केकमध्ये अंडं असेल म्हणून पाण्याचा घोटही न घेता उठून गेला होता!

"नाना! अहो, हे काय?"

"हळू बोल. मासा आहे," नाना म्हणाले. "घरात नाही नेत मी. डिकीतच ठेवतो."

"पण कशासाठी?"

"दिमाग का मामला है!"

हे नानांचं पालुपद. पुराणिकांच्या सात पिढ्या झाशीत गेल्या. घरात मराठी जपलेली, पण मुद्दा ठासायचा असला की नाना हिंदीवर येतात. मुद्दा असा होता, की त्यांची स्मरणशक्ती गेली आहे आणि पितृपक्षातल्या अविधवा नवमीच्या आत ती परत यायलाच हवी. नवमीला काकूंचं, म्हणजे नानांच्या पत्नीचं, श्राद्ध असतं. काकू जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा बंगळूरला, म्हणून श्राद्ध नानाच करतात.

"गेल्या नवमीला गुरुजींसमोर जे झालं ते पुन्हा नको," नाना म्हणाले.

"काय झालं होतं?"

"कढीपत्ता हवा ना तुला? तोड आणि जा."

आता स्मरणशक्ती गेली म्हणजे काय गेली, ते तुम्हीच बघा. नाना औटकी घडाघडा म्हणतात. मला तर औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हेही त्यांच्याकडूनच कळलं. कचेरीतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी कुठल्या साहेबाला कुठल्या भाजीचा तिटकारा होता ते सांगतात. आम्ही रेल्वेवाले, अकरा वर्षांपूर्वी भुसावळहून बदली होऊन या प्रेमनगरात आलो, तेव्हा ट्रकमधून उतरवताना आमच्या कुठल्या खुर्चीचा कुठला पाय मोडला, तेही त्यांना पाठ. मी ती खुर्ची कधीच विसरले होते!

मी म्हटलं, "नाना, एवढंच असेल तर जवसाची चटणी खा."

"सहा महिने खाल्ली. सदर बाजारातला दवावाला म्हणाला, पंडितजी, असली चीज मछली में है। आता शास्त्र बघू की डोकं बघू?"

मे महिन्यात झाशीच्या उन्हानं डिकीतल्या गोळ्या वितळून एकमेकींना चिकटल्या. तेल गळलं. गल्लीतल्या झाडून साऱ्या मांजरी स्कूटरच्या सीटवर येऊन बसायला लागल्या. समोरच्या मिश्राइननं मला गाठून विचारलं, "दीदी, पंडितजी मछली कब से खाने लगे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना मात्र तो चिकट गड्डा अडकित्त्यानं फोडून रोज एकेक तुकडा गिळत राहिले. हद्द झाली! मी त्यांना ऑटोत घातलं आणि सरळ डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. नाना दोनाशी येऊन थांबले नाहीत, खाली ऋणात उतरले. डॉक्टर हसायलाच लागले.

"दादाजी, आपका दिमाग तो मुझसे तेज है। और अच्छे-भले आदमी का दिमाग इस तेल से और तेज हो जाए, ऐसा कुछ खास दिखता नहीं। बंद कर दीजिए।"

मी पेढे वाटायच्या बेतात, आणि बघते तर नानांचा चेहरा खर्रकन उतरलेला. "ठीक से देखिए, डाक्टर साहब," म्हणाले. "कुछ तो खराबी होगी।" मी थक्क! डोकं ठिकाणावर आहे म्हणून रडकुंडीला आलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

परतताना ऑटोत नाना म्हणाले, "म्हणजे डोक्यात काहीच बिघाड नाही?"

"नाही हो, नाना."

"मग तिचं नाव का नाही आठवलं?"

"कुणाचं?"

"हिचं. गेल्या नवमीला गुरुजींनी विचारलं, पत्नीचं नाव? मला येईना. गोत्र आलं, सासूचं नाव आलं, हिचं येईना. शेवटी कपाट उघडलं, हिचं आधार कार्ड काढलं आणि त्यावर वाचून गुरुजींना सांगितलं." नाना बाहेर बघत होते. "लग्नात तांदळात अंगठीनं मीच लिहिलेलं नाव ग ते. उखाण्यात एकदा घेतलं, तेही तोंडातल्या तोंडात. मग बेचाळीस वर्षं नुसतं 'अगं' म्हटलं की ती यायची. नावानं हाक मारायची वेळच आली नाही. डोक्याचा दोष निघाला असता, तर बरं झालं असतं."

अकरा वर्षं भिंतीला भिंत. काकूंनी माझं बाळंतपण काढलं, माझ्या लेकीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. आणि काकूंचं नाव मलाही ठाऊक नव्हतं! शरमेनं मान वर होईना.

"नाना," मी म्हटलं, "काय हो नाव होतं काकूंचं?"

नानांनी आधी ऑटोवाल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"वसुधा," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"वसुधा!"

एवढ्या मोठ्यानं, की ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. "क्या हुआ, दादाजी?"

"कुछ नहीं, भैया, आप चलिए," नाना धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले. "घरवाली को बुला रहा था।"