पट्टीने मोजलेलं कासव

पुस्तक बाजारात येण्याआधी ते चांगलं आहे की नाही हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते काम माझ्याकडे आहे. आमचं पाक्षिक पुस्तकविक्रेते आणि ग्रंथपाल यांच्यासाठी निघतं. त्यात छोटी छोटी परीक्षणं असतात, खाली कुणाचं नाव नसतं, आणि ती पाहून ही मंडळी पुस्तकं मागवतात. स्वतः वाचत बसत नाहीत, कारण आम्ही वाचतो असा त्यांचा समज आहे. तो मोडण्याइतका मी निष्ठुर नाही.

बालवाचक, कुमार आणि प्रौढ असे आमचे तीन विभाग. पूर्वी प्रत्येकाला वेगळा माणूस होता. आता तिघांचं मिळून मी आहे. छापण्याआधीची कच्ची प्रत आली की मी तिला पट्टी लावतो. पातळ असेल ते बालवाचकांचं, मध्यम असेल ते कुमारांचं, आणि छातीवर ठेवून झोपल्यास श्वास अडेल ते प्रौढांचं. मग मुखपृष्ठ पाहायचं, मागचा मजकूर वाचायचा आणि लिहायला घ्यायचं. निःपक्षपातीपणा दिसावा म्हणून प्रत्येक परीक्षणात एक दोष दाखवलाच पाहिजे, असा संपादकांचा दंडक आहे. मी तो शेवटात काढतो. तिथवर कुणी पोचलेलंच नसतं, त्यामुळे भांडायलाही कुणी येत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि बायकोचं पुस्तक आलं.

दवाखान्यातली नोकरी सांभाळून ती कित्येक वर्षं लिहीत होती. हस्तलिखित तिने सगळ्यात आधी मला दिलं होतं. मी ते उशाशी ठेवलं आणि योग्य तेवढे दिवस गेल्यावर म्हणालो, "वाचलं. छान आहे." ती इतकी खूश झाली की मलाही आपण वाचल्यासारखं वाटलं. 'कासव निघालं' असं त्याचं नाव. मुखपृष्ठावर एक कासव रस्त्याने एकटंच चाललेलं. मागे प्रकाशकांनी लिहिलं होतं, "लाडकं कासव हरवलेल्या मुलीची हृद्य कहाणी."

मी संपादकांकडे गेलो. "साहेब, हे घरचं पुस्तक आहे. दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं आहे कोण? आणि खाली नाव नसतंच, मग पक्षपात कसला? फक्त दोष तेवढा ठळक काढा. उद्या बोभाटा नको."

मी लिहिलं, "रंजक आणि उद्बोधक. मात्र शेवट घाईत उरकला आहे."

अंक घरी आला. मी प्रौढांचंच बघतो अशी बायकोची समजूत होती. ती ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

"अहो, हे कुणी लिहिलंय?"

"ते गोपनीय असतं."

"कुणी का असेना, बिचाऱ्याने अगदी शेवटपर्यंत वाचलंय हो! पण घाईत? मला तर सावकाशच हवा होता तो. तुम्हाला काय वाटलं?"

"थोडासा... हो, घाईतच," मी म्हणालो. माझंच वाक्य मी कसं खोडणार?

दोष निघाला म्हणून प्रकाशकांनी छपाई थांबवली आणि शेवट वाढवून मागितला. बायकोने रजा काढून तो वाढवला. सुधारित प्रत आली, मी पट्टी लावली, आणि पुस्तक कुमारांत गेलं. एकच दोष दोनदा काढता येत नाही. मी लिहिलं, "संवेदनशील विषय संयतपणे हाताळला आहे. मात्र शेवट रेंगाळतो."

या खेपेला ती रडली. मला खरोखर वाईट वाटलं. चहासुद्धा मीच केला.

प्रकाशक व्यवहारी माणूस. त्यांनी तिला फोन केला, "बाई, शेवट लहान केला तरी बोलतात, मोठा केला तरी बोलतात. आपण तो काढूनच टाकू. नसलेल्यात दोष कोण काढणार?" शेवटचं प्रकरण गेलं. पुस्तक पुन्हा पातळ झालं, म्हणून मी ते बालवाचकांत घालायला निघालो, तर संपादकांनी माझा हात धरला.

"शेवट नाही म्हणता? अहो, मग हे प्रौढ साहित्य!"

मी लिहिलं, "बहुस्तरीय. शेवट वाचकावर सोपवण्याचं धाडस." दोष म्हणून कागद जरा पिवळट असल्याची नोंद केली. पुस्तक हातोहात खपलं. प्रकाशन समारंभात लोक रांग लावून बायकोला भेटत होते. "शेवट काय लिहिलाय हो तुम्ही! डोळ्यांत पाणी आलं." तीन-चार जणांना तर तिथेच आलं.

घरी येऊन ती पर्ससकट खुर्चीत बसली. "एकानेही वाचलेलं नाही," ती म्हणाली. "सगळ्या गावात एकानेही नाही."

"असं काय करतेस? मी वाचलंय ना!"

तिने मान वर केली. "मग सांगा, कासव कुठे सापडतं?"

मी मुखपृष्ठावरचा रस्ता आठवला. "त्या... वळणावर. झाडाखाली."

तिने पर्स शांतपणे बाजूला ठेवली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"कासव हरवतच नाही," ती म्हणाली. "मुलगी हरवते. जत्थेच्या जत्थे शोधायला जातात आणि कंटाळून परत फिरतात. एकटं कासव निघतं. त्याला पोचायला वेळ लागतो, म्हणून शेवट सावकाश होता. तो तुम्ही लोकांनी काढायला लावलात. ती पोर अजून तिथेच उभी आहे."

ती आत गेली. मी पुस्तक घेतलं आणि पहिलं पान उघडलं. पहिल्याच ओळीत मुलगी हरवली होती.

तुम्ही हसू नका. लेखिकेला न विचारता, पुस्तक न उघडता, निव्वळ माझ्या शब्दावर तुम्हीही मघापासून कासवच शोधत होतात.