निघून गेलेला कोपरा

चाफेकट्टा तालमीच्या मैदानाचा डावा कोपरा मंगळवारी संध्याकाळी निघून गेला. झेंड्यासकट गेला. महिनाभर तिथं कुणाचं पाऊल पडलं नव्हतं, मग तो बिचारा बसून तरी काय करणार! पलीकडच्या शिक्षक कॉलनीत रिटायर मंडळी सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारतात, तिथं जाऊन तो चिकटला.

रंगराव चौगुल्यांच्या ते फार जिव्हारी लागलं. तरुणपणी ते याच तालमीचे लेफ्ट बॅक होते. अख्ख्या कोल्हापूरनं त्यांना त्या कोपऱ्यातच पाहिलेलं. आता ते तालमीच्या आठ वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवत होते, म्हणजे ओरडत होते. शिट्टी वाजली की सगळी पोरं बॉलवर तुटून पडायची, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी. बॉल जाईल तिकडं हा ढीग जायचा. बाकीचं मैदान नुसतं बघत पडून असायचं.

"पांगा रे! जरा पांगा!" रंगराव घसा फुटेपर्यंत सांगायचे. "अयान, तू गोलकीपर हाईस बाबा! गोल सोडून हितं काय करालायस?"

"बॉल हितं हाय, सर," अयान म्हणायचा.

गुरुवारी वॉर्ड ऑफिसचे हेरवाडकर टेप घेऊन आले.

"आमचा कोपरा परत आणून द्या की, साहेब," रंगराव म्हणाले.

"तो स्वखुशीनं गेलाय. बळजबरी करता येत नाही. पावलं पडायला लागली की येईल आपोआप." हेरवाडकरांनी टेप गुंडाळला. "रविवारी मॅच आहे ना तुमची? शेवटच्या शिट्टीला मैदान पूर्ण असलं तर तुमचं. नसलं तर बाकीचंही कॉलनीला जोडावं लागेल."

"आणि पोरांनी खेळायचं कुठं?"

"यांना सतरंजीएवढी जागा पुरते की हो."

रंगरावांचं टाळकंच सरकलं. पण माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्कीची पिशवी उचलली आणि मैदानभर एकेका पोराला पांढरा चौकोन आखून दिला. "हे तुझं घर. घर सोडून हलायचं नाही!" पोरं जाम खूश झाली. डाव्या बाजूच्या राजवर्धननं चौकोनाबाहेर बूट काढून ठेवले. ओवी सगळ्यात लहान. तिला थेट समोरच्या गोलजवळ घर मिळालं होतं. तिनं आधी हातानं झाडून काढलं. रंगरावांनी बॉल टाकला तसा राजवर्धन त्याला "या, बसा" म्हणाला आणि शेजारी मांडी घालून बसला.

"आरं, लाथ मार की त्याला!"

"पाहुण्याला, सर?"

रंगरावांनी कपाळावर हात मारून घेतला. हात खाली आला तेव्हा त्यांना दिसलं, की डावा कोपरा परत आलाय. जरा अवघडून उभा होता, पण आला होता. मग त्यांनी राग गिळला.

"बरं, पाहुणा तर पाहुणा. पण त्याला लई घरं फिरायची असतात. आपल्याकडं आला, पाणी विचारलं, की लगेच पुढच्या घरी पोचवायचा. गणपतीत आरतीला फिरतो की नाही आपण? तसं."

ते मात्र पोरांना एका दमात कळलं.

रविवारी मैदान चारी कोपऱ्यांनिशी हजर होतं, आणि कडेला हेरवाडकरही. समोरच्या संघाचा ढीग बॉलमागं धापा टाकत पळत होता, आणि बॉल "या, या", "पाणी घ्या", "पुढच्या घरी जावा" असं ऐकत सगळीकडं फिरत होता. रंगरावांच्या घशाला पहिल्यांदाच आराम मिळाला. मॅच संपता संपता बॉल ओवीकडं आला. समोर फक्त गोलकीपर. ओवीनं बॉलवर पाय ठेवला आणि ती थांबली.

"मार, ओवी! मार की गं!"

"त्यांनी कुठं बोलावलंय, सर?"

रंगरावांना आपले केस उपटावेसे वाटले. सुदैवानं समोरचा गोलकीपर चांगल्या वळणाचा होता. "ये की आत," तो बाजूला सरकत म्हणाला. ओवी बॉल घेऊन आत गेली.

गोल झाला आणि घात झाला. सगळी पोरं घरं उघडी टाकून ओवीवर जाऊन पडली. समोरच्या संघाची पोरंही त्यात घुसली, कारण ढीग दिसला की त्यांना राहवत नसे. चारी कोपरे चुळबुळायला लागले.

"घरी जावा रे! शिट्टी व्हायचीय अजून!" रंगराव किंचाळले आणि धावत जाऊन डाव्या कोपऱ्यावर उभे राहिले.

"सर, हिकडं या की!" ढिगातून ओवी ओरडली.

"मी हललो तर ह्यो जातोय!"

"मग आम्ही येतो!"

आणि अख्खा ढीग पळत येऊन त्यांच्या गळ्यात पडला. त्यांच्या खांद्यांवरून रंगरावांना उजवा कोपरा जाताना दिसला. मग गोलचे खांब गेले, मग मधलं वर्तुळ. एकेका पोराला धरून लांब ढकलायला अजून वेळ होता. "मूर्खांनो," ते म्हणाले, "गाढवांनो, काय गोल केलाय रे!" आणि त्यांनी हाताला लागतील तेवढी पोरं आणखी जवळ ओढली.

शिट्टी वाजली.

"मोजा, साहेब," रंगराव म्हणाले.

हेरवाडकर टेप घेऊन मोजायला निघाले. फार लांब जावं लागलं नाही.