नलात टाकणारे म्हात्रे

आमच्या कंपनीतले म्हात्रे जगातली कुठलीही कटकट 'नलात' टाकायचे. कॅन्टीनची तक्रार असो की साहेबांचं लेक्चर, त्यांचं उत्तर एकच: "टाक नलात."

हा नल पाण्याचा नव्हे. नव्वदच्या दशकात आमच्या रोह्याच्या कारखान्यात युनिक्सचं मशीन आलं. कमांड दिली की ते पडदाभर ओळी ओकायचं. नको असलेल्या ओळी /dev/null कडे, म्हणजे या 'नला'कडे, पाठवल्या की त्या कायमच्या गायब. हमरापूरचे म्हात्रे मूळचे स्टोअरमधले, पण त्या मशीनचं त्यांच्याशीच जमलं.

मी पेणचा, नुकताच डिप्लोमा घेऊन त्यांच्या हाताखाली लागलेला. आपल्याला सगळं येतं, अशी माझी ठाम समजूत होती.

"बडबड टाक नलात," म्हात्र्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पन एरर नाय टाकायची. मशीन रडतंय ते आयकायचं."

मला तो जुनाट विचार वाटला. रोज आपोआप चालणाऱ्या बॅकअपच्या कमांडला मी शेपूट जोडलं: > /dev/null 2>&1. बडबडही गायब, एररही गायब. पडदा इतका स्वच्छ, की मी येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवायचो.

तीन आठवड्यांनी डिस्क बसली. बॅकअपची टेप लावली, तर ती कोरी. टेपचं यंत्र तीन आठवडे रोज रडत होतं आणि मी ते रडणं रोज नलात टाकत होतो. स्टोअरच्या सगळ्या नोंदी गेल्या.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

म्हात्रे म्हणाले, "माझ्या हातनं झालं, साहेब."

त्यांना परत स्टोअरमध्ये पाठवलं. तरी आपली ड्यूटी संपली की ते यायचे. गेलेल्या नोंदी पुन्हा भरायला ते स्टोअरच्या जुन्या चिठ्ठ्या वाचायचे आणि मी टाइप करायचो. शेवटी मी विचारलं, "तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"तुझी नोकरी कच्ची हाय. माझी पक्की. वाच पुढचं."

वाचायचं काम तर त्यांचंच होतं; विषय तोडायला ते तसं बोलले, हेसुद्धा तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी साहेबांना खरं सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि म्हात्रे मशीनवर परत आले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. सुक्या बोंबलाचं कालवण होतं, स्वतः केलेलं.

"मीठ बघ जरा," ते म्हणाले. "घरी सांगनारं कोन नाय."