चौकटीत तीनदा 'नको'

पेपरचं महिन्याचं बिल वाढलं, तेव्हा सुकन्यानं आधी रेवाच्या डायपरचा हिशोब केला आणि मग नवऱ्याला म्हणाली, "पेपर बंदच करू या."

"कर की," अंगद जीपची किल्ली शोधत म्हणाला. तो केज-बीड जीप चालवायचा. बातम्या त्याला प्रवाशांकडून फुकट मिळायच्या. "तसं बी त्यात काय खरं असतंय? परवा मुसळधार छापलं. आईनं सगळे पापड उचलले. थेंब तरी पडला का?"

बोलून तर गेली, पण सुकन्याला हुरहूर लागली. नऊ महिन्यांची रेवा सकाळी पुन्हा झोपली, की जी पंधरा मिनिटं मिळत, त्यात ती शब्दकोडं सोडवायची. बी.ए. झाल्याची तेवढीच एक खूण उरली होती. हा महिना राहू दे, असं तिनंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मतीननं फाटकावरून पेपर टाकला. सुकन्यानं रबर काढलं, पान उघडलं आणि थबकली. कोड्यात आधीच कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं. अक्षर थरथरतं, वरची रेघ तुटकी. 'फुलांची गुंफण, दोन अक्षरी' या शब्दाच्या चौकटीत होतं 'नळ'.

"आत्या, हे तुम्ही लिहिलंत?"

"मी?" सासूबाई वत्सलाबाई म्हणाल्या. "मला चष्म्याबिगर तवा दिसत न्हाई."

आठ वाजता मोरीतला नळ खाकरला आणि वाहू लागला. पाणी शनिवारी येणार होतं. तो बुधवार होता.

गुरुवारी चौकटीत 'मामा' होतं. दुपारी पाटोद्याहून वत्सलाबाईंचे भाऊ शहादेव, अंगदचे मामा, काखेत भोपळा घेऊन दारात उभे. ना फोन, ना निरोप.

शुक्रवारी होतं 'ताप'. सुकन्यानं सकाळपासून रेवाला चारदा थर्मामीटर लावलं. काही नव्हतं. संध्याकाळी पाचव्यांदा लावलं, तर एकशे एक.

"दिवसभर कपाळावर हात ठेवल्यावर माझं बी डोकं तापंल," अंगद म्हणाला. पण त्या रात्री त्यानंही चौकट दोनदा पाहिली.

ताप रविवारी उतरला. तोवर गल्ली जागी झाली होती. सकाळी सहाला बायका सुकन्याच्या ओट्यावर जमत. वत्सलाबाई पेपर दोन्ही हातांत आरतीच्या ताटासारखा धरत आणि थेट कोड्याचं पान उघडत. मोठ्या बातमीकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

"छापत्यात ते खोटं," वत्सलाबाई सांगत, "लिवलेलं मातर खरं."

पेपर बंद करायचं नाव आता कुणी काढत नव्हतं.

मंगळवारी पान उघडलं आणि सगळ्या बायका पुढं झुकल्या. तीन ओळींत, एकाखाली एक: नको. नको. नको.

बुधवारी रेवाची गोवराची लस होती.

"लेकरू उंबऱ्याभाईर न्हेयाचं न्हाई," वत्सलाबाई म्हणाल्या.

"आत्या, ह्याच पानाच्या मागं बघा. शेजारच्या दोन गावांत गोवर निघालाय."

"ते छापलेलं हाय."

सुकन्यानं लसीचं कार्ड डब्यातून काढलं, परत ठेवलं, परत काढलं. आपण शिकलेल्या आहोत, हे तिनं स्वतःला तीनदा सांगितलं. नेमकं तीनदाच सांगितल्याचं लक्षात आलं, तेव्हा मात्र तिच्या अंगावर काटा आला. गोवर शेजारच्या गावांत होता आणि सासूबाई दारात बसल्या होत्या.

दुपारी त्यांचा डोळा लागताच रेवाला कडेवर घेऊन ती मागच्या गल्लीत गेली. पेपर टाकून झाले, की मतीन तिथं घराला लागून असलेलं आपलं गॅरेज चालवायचा.

"मतीनभाई, आमचा पेपर कुणाकुणाच्या हातातून येतो?"

"कुणाच्याच न्हाई, वहिनी. गाडी गठ्ठा आमच्या ओट्यावर टाकती. अम्मी पुरवण्या घालती. वरचा पेपर तुमचा. तुमचं घर पयलं."

ओट्यावर मतीनची आई जैनबबी बसली होती. तिनं घाईघाईनं कानावरची पेन्सिल पदराखाली सरकवली.

"चाची," सुकन्या हळूच म्हणाली, "ते तुम्ही लिहिता?"

जैनबबी लाजून लाल झाली. "कुणाला सांगू नको, बेटा. मोहिनीबाईंच्या साक्षरता वर्गाला जाते मी. वही संपली. पोराला मागायची शरम वाटती. आन् पेपरात बघ कशे तयार खाने असतेत! एका खान्यात एक अक्षर, डुगडुगत न्हाई."

"आणि तीनदा 'नको'?"

"तेवढाच गृहपाठ व्हता."

सुकन्या इतकी हसली, की रेवा दचकून रडू लागली. घरी येऊन तिनं नाव न सांगता एवढंच सांगितलं, की गल्लीतली एक बाई अक्षरं गिरवते. वत्सलाबाईंनी ऐकून घेतलं.

"आन् तिच्या गिरवण्यानं लेकराला ताप आला? मला येडी समजू नको."

सुकन्यानं रेवाला पुन्हा कडेवर घेतलं. ती पुन्हा मागच्या गल्लीत गेली.

"चाची, उद्या 'जा' लिहाल?"

"'जा' येतो मला," जैनबबी खूश होऊन म्हणाली. "तीन बार लिवते."

बुधवारी सहा वाजता पान उघडलं. जा. जा. जा.

"कुठं जा?" वत्सलाबाई पुटपुटल्या. त्यांचं बोट चौकटीवरून खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. तेच थरथरतं अक्षर, तीच तुटकी रेघ. 'लस'.

"बघतीस काय?" त्या सुकन्यावर खेकसल्या. "आण ते लेकरू. उशीर झाला तर पाप माझ्या माथी."

शाल त्यांनीच आणली. अंगदनं प्रवासी थांबवून जीप दवाखान्याकडे वळवली. रेवा एकदा किंचाळली, मग आजीच्या खांद्यावर झोपून गेली. सुकन्याला वाटलं, आठ दिवसांत आपण पहिल्यांदाच पूर्ण श्वास घेतोय.

परतताना सासूबाईंना घरी सोडून ती रेवाला घेऊन जैनबबीच्या ओट्यावर गेली.

"चाची, तुमचे लई उपकार झाले. 'लस' लिहिलंत ते फार बरं केलंत. नुसत्या 'जा'नं आत्या हलल्या नसत्या."

जैनबबीच्या हातातली पेन्सिल थांबली. "काय लिवलं?"

"'लस'. खालच्या ओळीत."

"मी तीन बार 'जा' लिवलं, बेटा. बस." तिनं वर पाहिलं. "'ल' आमाला आजून शिकवलाच न्हाई. 'ल' सोमवारी हाय."

रेवानं झोपेतच आईचा पदर मुठीत धरला.

मतीन हात पुसत बाहेर आला. "वहिनी, अंगदभाऊ मागं म्हणत व्हते, पुढच्या महिन्यापासून पेपर बंद?"

सुकन्यानं रेवाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पर्स उघडली.

"वर्षाचं आत्ताच घ्या," ती म्हणाली. "आणि मतीनभाई, पहिलं घर आमचंच ठेवा."